नट किती आवळायचा

सात-आठ तास झोपलं की माणूस ताजातवाना होतो, असं सांगणाऱ्याला एकदा आमच्या घरी मुक्कामाला बोलवायचं आहे. मी झोपतो. बायको म्हणते, चांगला घोरतो. आणि सकाळी उठतो तो रात्रभर ट्रक ढकलून आल्यासारखा. ती चहाचा कप हातात देते, तोंडाकडे बघते आणि विचारते, "आज कुठवर?" थकवा कुठवर आला, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत की गळ्यापर्यंत, असं आमचं माप आहे. मी म्हणतो, गळ्यापर्यंत. "मंग आज दाढी नका करू," ती म्हणते, "वस्तरा जड जाईन तुमाले." मी हसतो. हसायलाही ताकद लागते हे मला चाळिशीत कळलं.

दारव्ह्याला जीपगाड्यांच्या स्टँडजवळ आमचं गॅरेज आहे. आमचं म्हणजे मोठ्या भावाचं आणि माझं. अब्बांनी टाकलेलं. घरात आम्ही हिंदी-उर्दूची खिचडी बोलतो, गॅरेजात वऱ्हाडी, आणि लिहायला मला येते ती मराठी, कारण अब्बांनी मला मराठी शाळेत घातलं होतं; म्हणून घरचं बोलणंही इथे वऱ्हाडीतच उतरवलंय. भाऊ इंजिन बघतो. मी चाकं, ब्रेक आणि गाडीच्या पोटाखालचं सगळं. यवतमाळला जाणाऱ्या जीपगाड्यांत नऊ माणसांच्या जागेत पंधरा बसतात. चार चाकं, प्रत्येक चाकाला पाच नट, म्हणजे वीस नटांवर पंधरा जीव. लोक हे विसरून शेंगा सोलत बसतात. मला विसरता येत नाही.

मी कामात कच्चा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नट बसला की मनगटाला कळतं. पाना एकदम थांबतो आणि अंगठ्याच्या मुळाशी छोटासा धक्का बसतो. अब्बा म्हणायचे, त्या धक्क्यावर भरोसा ठेवायचा आणि पुढच्या गाडीकडे जायचं. ते होते तोवर मी तसंच करत होतो. खरं तर ते होते तोवर जाता जाता तेच एकदा चाकावरून हात फिरवायचे, म्हणून मला भरोसा ठेवणं सोपं जायचं. ते गेले त्या वर्षी कधीतरी माझ्या डोक्यात हे सुरू झालं. धक्का बसला खरा, पण तो या नटाचा होता की मघाच्या? पाचवा आवळला की चारच झाले? मग पुन्हा पाना. मग पुन्हा.

आमच्याकडे काम झालं की मिस्त्री बोनेटवर दोनदा हात मारतो. म्हणजे गाडी सुटली, आता निघा. माझा पहिला हात पडायचा आणि दुसरा हवेतच राहायचा. ड्रायव्हरने गिअर टाकलेला असायचा, आणि मी पाना घेऊन पुन्हा चाकाशी बसायचो. स्टँडवरची माणसं मजा घ्यायची. "मिस्त्री, चाकाले नजर लागन," एक जण म्हणायचा. दुसरा म्हणायचा, "नटाचे आटे बरोबर हायेत, मिस्त्रीचेच ढिले झाले." मीही त्यांच्यात हसायचो. गाडी गेली की हसू जायचं. मग मी ड्रायव्हरला फोन करायचो. काही तरी निमित्त काढून, ब्रेक कसा लागतो, आवाज येतो का. एकदा फोन लागला नाही म्हणून मी मोटरसायकल काढली आणि थेट यवतमाळच्या अलीकडे, लोहारा गावच्या कारखान्यांपर्यंत त्या गाडीच्या मागे गेलो. भररस्त्यात गाडी थांबवली. सगळे नट जागेवर होते. पंधरा माणसं खिडकीतून माझ्याकडे बघत होती, आणि मी मोटरसायकल वळवली.

त्या दिवशी परत येऊन मी गॅरेजात ठेवलेल्या जुन्या सीटवर पडलो तो संध्याकाळपर्यंत उठलो नाही. प्रत्यक्षात मी काय उचललं होतं? एक जॅक आणि एक पाना. पण दिवसभर यवतमाळच्या रस्त्यावर जेवढ्या गाड्या धावत तेवढ्या माझ्या डोक्यातही धावत, आणि मी प्रत्येकीच्या मागे. हे कुणाला सांगणार? भावाला वाटायचं मी खात नाही. बायकोला वाटायचं मी मोबाइल फार बघतो. आमच्या भागात थकव्याला एकच दवा, सलाईन चढवून घे. मी सहा महिन्यांत चार वेळा चढवून घेतलं. बाटलीतून थेंब पडताना बघत पडायचो आणि विचार करायचो, सकाळच्या त्या गाडीचं उजवं मागचं चाक मी बघितलं होतं का. रक्त तपासलं, साखर तपासली, थायरॉइड तपासलं. सगळं चांगलं निघालं. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. मला रागच आला.

मग बाजाराच्या दिवसाची ती गोष्ट घडली.

जवळच्या बंजारा तांड्यावरचा एक ड्रायव्हर आमचं जुनं गिऱ्हाईक. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, गाडी जिवापाड जपणारा. त्याचं मागचं डावं चाक मी सकाळी काढून ब्रेक साफ केला होता. बाजार उठल्यावर तो माणसं भरून यवतमाळकडे निघाला, आणि वाटेतल्या बोरी गावाच्या अलीकडे त्याला मागून टकटक ऐकू आली. तो शहाणा, लगेच बाजूला घेतली. पाचपैकी दोन बोल्ट नटासकट तुटून पडले होते आणि तिसऱ्याला तडा गेला होता. कुणाला लागलं नाही. एका म्हातारीच्या टोपलीतली वांगी रस्त्यावर सांडली, तेवढंच. पण अजून पाच मिनिटं गाडी चालली असती तर काय झालं असतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी त्या पाच मिनिटांत रोजच राहत होतो.

तो दुसऱ्याच्या गाडीत बसून परत आला. गॅरेजसमोर उभा राहून ओरडला, "नट ढिला ठेवून देला! आमच्या बापजाद्यानं बैलावर मीठ वाहलं, हैदराबादपर्यंत, एक गोणी नाही सांडू देली. अन् तुमी मले माणसं सांडवता?" तेवढ्यात भाऊ इंजिनातून वर आला, हात पुसले आणि म्हणाला, "माह्या हातून झालं. ते चाक मी कसलं होतं." ड्रायव्हर त्याच्याकडे वळला. "भाई, तुमच्या हातून?" एवढंच म्हणाला. त्यानंतर तो आमच्याकडे यायचा बंद झाला.

सगळ्यांना वाटलं नट ढिला राहिला. चूक अशी की कुणाच्याही हातून होईल. पण तुटलेला बोल्ट मी हातात घेऊन पाहिला होता. मानेपाशी तो बारीक झाला होता, ताणून ताणून. ढिला बोल्ट असा तुटत नाही. नटाची एक खोड आहे. तो बसल्यावरही पान्याच्या दांड्याला लांब पाइप लावून जोर देत राहिलं तर आतला बोल्ट लांबायला लागतो, आणि मग नट पुन्हा थोडा फिरतो. हाताला वाटतं, अरे, हा तर ढिलाच होता, बरं झालं पुन्हा पाहिलं. आणि माणूस आणखी आवळतो. त्या सकाळी असंच झालं होतं. दर वेळी नट थोडा फिरला आणि दर वेळी मला वाटलं, बघ, तुझी भीती खरी होती. मी पाइपवर उभा राहून माझ्या हाताने ते बोल्ट मारले होते. निष्काळजी मिस्त्रीच्या हातून हे होत नाही. त्याला तेवढा वेळच नसतो.

संध्याकाळी शटर ओढताना मी भावाला सांगितलं. "ढिला नव्हता भाई. मी जास्त आवळला."

"किती?"

"माहीत नाही. चार-पाच येळा. पाइप लावून."

"कायले?"

मी म्हणालो, "भेव वाटते." भाऊ खाली उकिडवा बसला आणि तुटलेला बोल्ट बोटांत फिरवू लागला. मग म्हणाला, "उद्यापासून तू चाकाले हात लावू नको. ऑइल पाय, ग्रीस पाय." मला वाईट वाटायला हवं होतं. पण पहिल्यांदा जे वाटलं ते सुटल्यासारखं. जीव भांड्यात पडला. लाज त्यानंतर आली, आणि ती मुक्कामाला राहिली.

आता थकवा जाईल, असं मला वाटलं होतं. गेला नाही. उलट चढला. आता मी भावाने कसलेल्या नटांची काळजी करायला लागलो, आणि त्याला विचारायचीही सोय नव्हती. घरी गॅसचं बटण तीनदा बघायचो. कुलूप लावून गल्लीच्या टोकापर्यंत जायचो आणि परत यायचो. एका दुपारी बायकोने मला असाच परतताना गाठलं. कुलूप हातात धरून उभा होतो. ती ओरडली नाही, चिडवलंही नाही. "उद्या यवतमाळले चाला," म्हणाली. "मनाच्या डॉक्टरकडे. मी बोलून ठेवलं." मी म्हणालो, लोक वेडा म्हणतील. ती म्हणाली, "आता काय शायना म्हणून राह्यले?"

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. माझं सगळं ऐकून घेतलं. मध्येच म्हणाल्या, "बोलू नका, नुसतं बघा, आत्ता तुमचा जबडा कसा आहे?" दात घट्ट आवळलेले होते. खांदे कानाला टेकायला आले होते. पायाची बोटं चपलेत मुडपलेली. मी तिथे नुसता खुर्चीवर बसलो होतो, पंख्याखाली. "हे दिवसभर चालू असतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सारखे पहाऱ्यावर आहात. मग थकवा येणार नाही तर काय होणार?" मला राग आला. पहारेकऱ्याला निदान सुट्टी असते, असं मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत. "तेच म्हणतेय," म्हणाल्या.

गोळी दिली. पहिले दोन आठवडे तोंड कोरडं पडायचं आणि झापड यायची, मग ते गेलं. दुसरं सांगितलं ते मला गोळीपेक्षा कडू लागलं. थकून पडायच्या आधी पडायचं, रोज दुपारी वीस मिनिटं, थकलो असो नसो. आणि कुठलीही गोष्ट एकदा बघायची, मोठ्याने बोलून बघायची, मग हात मागे. भीती चढेल. चढू द्यायची. ती आपण उतरेल. तोवर परत जायचं नाही. ऐकायला काय, सोपं. पहिल्या दिवशी मी गॅसचं बटण बघून "बंद" म्हणालो आणि बाहेर पडलो, तर गल्लीच्या टोकापलीकडे जाता येईना. ऑटो स्टँडच्या कठड्यावर बसून राहिलो. घाम फुटला. अर्ध्या तासाने भीती उतरली, आणि मी इतका गळून गेलो होतो की गॅरेजात जाऊन जुन्या सीटवर पडलो. सुधारणा म्हणतात ती अशी असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

भाऊ दुपारच्या वीस मिनिटांवर तुटून पडायचा. "साहेब आराम फर्मावून राह्यले," गिऱ्हाइकांना सांगायचा. पण तेवढा वेळ तो हातोडा वापरायचा नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं.

तीन महिने झाले. मी म्हणालो, भाई, मला चाकं परत द्या. ग्रीस मारत म्हातारा व्हायचं नाही मला. त्याने पाना माझ्यापुढे टाकला. "एक डाव देतो," म्हणाला. "गाडी सुटल्यावर पोटात काहीही होऊ दे, तिच्या मांगं जायाचं नाही. फोन नाही. एक जरी फोन केला, तं चाक कायमचं सोड. लोकं आपल्याले लेकरंबाळं सोपवतात. मिस्त्रीच भेला तं कोण येईन इथं?" मी हो म्हणालो. वर तो म्हणाला, पहिली गाडी मी समोर असताना कसायची.

तसं झालं नाही. जुम्म्याचा दिवस होता. आमच्या दोन मशिदींच्या वेळा वेगळ्या, त्यामुळे गॅरेज बंद राहत नाही, एक जण आधी जातो आणि एक मागून. मी नमाज पढून परत आलो होतो, भाऊ नुकताच गेला होता. आणि स्टँडच्या तोंडाशीच तांड्यावरच्या त्या ड्रायव्हरची गाडी पंक्चर झाली. गाडीत यवतमाळला साखरपुड्याला निघालेली माणसं. वर कॅरिअरला मिठाईच्या टोपल्या बांधलेल्या, आत बाया नव्या साड्या नेसून दाटीवाटीने. त्याची स्टेपनी होती, पण जॅक खचला होता. तो माझ्याकडे आला, इकडेतिकडे बघितलं. "भाई कुठी हायेत?"

"नमाजले गेले."

तो घुटमळला. मागून कुणीतरी म्हाताऱ्या आवाजात मुहूर्ताची आठवण करून दिली. त्या क्षणी मी तोंड उघडलं, आणि जे इतके महिने सांगायचं राहिलं होतं ते सांगून टाकलं. "मागच्या बारीचं चाक भाईनं नाही, मी कसलं होतं. ढिलं नव्हतं. भेवानं जास्त आवळलं म्हणून बोल्ट तुटले." त्याला नीट कळलं की नाही कोण जाणे. तो म्हणाला, "मंग आता?"

"आता एकदाच कसतो. तुमी समोर उभे राहा."

आमचा जॅक लावला, चाक बदललं. पाच नट हाताने फिरवले, मग पाना लावला, एकाआड एक. पाइप भिंतीला टेकवलेला होता, तिकडे बघितलं नाही. मोठ्याने म्हणत गेलो, एक बसला, दोन बसला. पाचही धक्के मनगटाला लागले. नेमक्या त्याच चाकावरच्या खिडकीशी एक बाई मांडीत तान्हं लेकरू घेऊन बसली होती. लेकराचा पाय खिडकीबाहेर हलत होता, पायात काळा दोरा. मला वाटलं, आणखी एकदा. फक्त एकदा. या लेकरासाठी तरी. मी पाना उचलला आणि ड्रायव्हरच्या सीटखाली टाकून दिला. "हा राहू द्या तुमच्याजवळ," म्हणालो. गाडी गेली.

पुढचं सांगायला लाज वाटत नाही. मी आत जाऊन बादलीवर बसलो आणि हुडहुडी भरली, भर दुपारी. फोन खिशात होता. काढला, ठेवला. चाक निघताना, गाडी कलंडताना, तो काळा दोरा, सगळं दिसत होतं. दात आवळलेले होते ते सोडले, पुन्हा आवळले गेले, पुन्हा सोडले. एका गाडीचे प्लग साफ करायला घेतले. फोन केला नाही.

भाऊ आला, टोपी काढून खिळ्याला अडकवली. बाहेर पंक्चर झालेल्या चाकाचं झाकण पडलं होतं, ते ओळखून म्हणाला, "तो आल्ता काय?"

"हो. मागचं चाक बदललं."

"कोनं कसलं?"

"मी."

"किती येळा पाह्यलं?"

"एकदा."

मला वाटलं होतं तो पाठीवर हात मारेल. त्याचा चेहराच उतरला. "एकदाच?" म्हणाला. "पक्कं? पाचही?" मी पाचही म्हणालो. "गाडीत कोण कोण होतं?" मी सांगितलं. तो गॅरेजात एक चक्कर मारून आला. एक इंजिन उघडं होतं, त्यात पाना घातला, काढला. मग सरळ मोटरसायकलची किल्ली उचलली. "मी बोरीपर्यंत जाऊन येतो. असंच."

"बसा, भाई."

"अरे, लेकरंबाळं हायेत त्यात."

"हायेत."

"मंग फोन तं कर!"

"नाही," मी म्हणालो. "बसा. काही होत नाही." माझा स्वतःचा यावर तेव्हा काडीचाही विश्वास नव्हता. पण मी किल्ली त्याच्या हातातून घेतली आणि तो बसला, जुन्या सीटवर, रस्त्याकडे तोंड करून. त्या दुपारी त्याने एकही काम धड केलं नाही. एका गिऱ्हाइकाशी वसकला. पाणी प्यायला उठला आणि न पिताच परत येऊन बसला. माझी भीती केव्हातरी उतरली होती, त्याची चढतच होती, आणि मी पहिल्यांदा ती बाहेरून बघत होतो.

संध्याकाळी ती गाडी यवतमाळहून परत आली. दुसरीच माणसं भरलेली होती. ड्रायव्हरने थांबवली नाही, आमच्याकडे बघितलंही नाही, हॉर्न वाजवत स्टँडकडे वळवली. भावाने मोठा श्वास सोडला आणि सीटवर मागे रेलला. डोळे मिटले.

"छोटे," डोळे न उघडता म्हणाला, "तुले असं रोज होते?"

"रोज."

"सकाळपासून?"

"उठल्यापासून."

तो उठायला गेला, आणि पुन्हा खाली बसला. "मी तं एका दुपारातच थकलो रे," म्हणाला.